गव्याला मास्क कसा बसवायचा? घर बंद असताना खेळण्यातल्या प्राण्यांची चित्रवही करण्याची सविस्तर पद्धत

२२ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळचे पाच. जनता कर्फ्यू. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत थाळ्या वाजत होत्या, घंटा वाजत होत्या, एका घरातून हलगीसुद्धा कडाडत होती. माझी सहा वर्षांची लेक मात्र खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टिकचा गवा, कापडी हत्ती, रबरी बदक आणि कासव अशी रांग लावत बसली होती. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. मी विचारलं तर म्हणाली, "त्यास्नी पण बघू दे की काय चाललंय." मी मोबाइलवर एक फोटो काढला. तीन दिवसांनी देश बंद झाला आणि तो फोटो आमच्या चित्रवहीचं पहिलं पान ठरला.

पुढची पावणेदोन वर्षं हे प्राणी आमच्यासोबत घरात राहिले. दूध आणायला गेले, ऑनलाइन शाळेत बसले, घरीच केस कापून घेतले, आजारी पडले, बरे झाले. शंभरावर फोटो जमले. त्यातले चाळीस निवडून आम्ही वही बांधली.

मागच्या महिन्यात शेजारच्या पहिलीतल्या पोराला कांजिण्या आल्या. दोन आठवडे घराबाहेर पाऊल नाही. त्याची आई दारातनंच म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्या प्राण्यांचं काय केलं होतं ते जरा नीट सांगा की." तिला सांगता सांगता लक्षात आलं की हे लिहूनच काढावं. मूल कशानंही घरात अडकलेलं असो, महामारी, कांजिण्या, पूर, मोडलेला पाय, पद्धत तीच. ज्यांना त्या दोन वर्षांची वही आज आठवणीतून करायची आहे त्यांनाही ती चालेल. तेव्हा चार-पाच वर्षांची असलेली मुलं आता आठवायच्या वयाची झाली आहेत.

पहिली पायरी: पात्रं चार ते सहाच घ्या

घरात तीस प्राणी असतील, तरी वहीत चार ते सहाच येऊ द्या. तेच ते प्राणी पानोपानी दिसले तरच त्यांना स्वभाव येतो. निवड मुलाची. तुम्हाला रंग उडालेलं बदक आवडणार नाही, पण मुलानं ते घेतलं असेल तर त्याला कारण असतं.

आमचा गवा म्हणजे जंगली प्राण्यांच्या पाकिटात मिळतो तो काळा बैलासारखा प्राणी. पाकिटावर काय नाव होतं कोण जाणे, पण राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाजवळच्या जिल्ह्यात वाढणारं पोर त्याला गवाच म्हणणार. हत्ती कापडी, आबांनी आणलेला. कासव टणक रबराचं. पुढे आषाढात बेंदूर आला तेव्हा आज्जीनं कुंभाराकडून पूजेसाठी आणलेली मातीची बैलजोडीही पात्रांत आली. ती पूजेची, म्हणून तिला फोटोत काम करायला लावायचं नाही, नुसतं बसवायचं, असा नियम आज्जीनं घातला आणि लेकीनं तो शेवटपर्यंत पाळला.

दोन गोष्टी मात्र तुम्हीच बघायच्या. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर तोंडात जाईल एवढा कोणताही प्राणी किंवा वस्तू नको. आणि आवाज करणाऱ्या, दिवा लागणाऱ्या खेळण्यातली चपटी बटण बॅटरी स्क्रूच्या झाकणाखाली घट्ट आहे ना हे तपासा. ती गिळली गेली तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर चालत नाही, थेट दवाखाना गाठायचा. नवीन खेळणं घेणार असाल तर डब्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

दुसरी पायरी: आंघोळ

प्लास्टिक आणि रबर साबणाच्या कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशनं. पोटाखाली भोक असलेल्या रबरी बदकात पाणी साचून आतून बुरशी धरते, म्हणून पिळून उलटं वाळवा. कापडी प्राणी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मग मशीनला लावा, म्हणजे डोळे-बटणं निघत नाहीत. आतला कापूस पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. वरून कोरडा वाटला तरी पोट दाबून बघा.

लाकडी खेळणी, सावंतवाडीची असोत की चन्नपट्टणची, फक्त ओल्या फडक्यानं पुसा. त्यांच्यावर सॅनिटायझर मारू नका. लाखेचा थर अल्कोहोलमध्ये विरघळतो. आमच्या एका लाकडी मोराचा रंग तसाच गेला आणि लेक दिवसभर कुणाशी बोलली नाही. मातीच्या बैलांना पाणी लावायचंच नाही, कोरडा मऊ ब्रश पुरे.

सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही सगळंच धूत होतो, भाजी, पिशव्या, नाणीसुद्धा. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं वस्तूंच्या पृष्ठभागावरून कोरोना होण्याचा धोका कमी असल्याचं स्पष्ट केलं. पण प्राण्यांची आंघोळ आम्ही थांबवली नाही, कारण तोवर तो लेकीचा रोजचा तास झाला होता. परातीत कोमट पाणी, पाच प्राणी आणि चाळीस मिनिटं शांतता, हे त्या दिवसांत कमी नव्हतं.

तिसरी पायरी: प्राणी शिकाऊ, मूल मास्तर

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगते.

महामारीत मुलांना दिवसभर फक्त सूचना मिळत होत्या. हात धू. तोंडाला हात लावू नको. दारात जाऊ नको. आज्जीच्या अंगावर पडू नको. आपणही घाबरलेलो होतो, त्यामुळे सूचना देतानाचा आवाज चढायचा. सहा वर्षांच्या जिवाला घरात एकही जागा नव्हती जिथं त्याचं कोणी ऐकेल.

प्राणी ती जागा देतात. गव्याला घराचे नियम माहीत नाहीत. तो जंगलातून आलाय. त्याला चप्पल बाहेर काढायचं कळत नाही, मोरीवर पाय धुवायचं कळत नाही. मग कोण शिकवणार? मूल. म्हणून प्रत्येक गोष्ट अशी रचा: प्राण्याला काहीतरी कळत नाही, तो चुकतो, त्याला कोणीतरी दाखवतं, मग त्याला जमतं किंवा अर्धवट जमतं. तुम्ही फक्त विचारायचं, "गव्याला आज काय कळलं नाही?" एवढा एक प्रश्न दिवसाच्या गोष्टीला पुरतो.

मोठ्यांनी प्राण्याच्या तोंडून उपदेश करायचा नाही. "बघ, हत्ती कसा शहाण्यासारखा मास्क घालतो" असं मी पहिल्या आठवड्यात एकदा म्हणाले आणि खेळ तिथंच बंद पडला. हत्ती माझ्या बाजूला गेला असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी हत्तीला मास्क घालायचाच नव्हता, तो रुसून पलंगाखाली बसला होता, आणि तो फोटो आमच्या वहीतल्या चांगल्या फोटोंपैकी एक आहे.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं १९५१ मध्ये असं मांडलं की लहान मुलाची लाडकी चिंधी किंवा कापडी प्राणी ही आई आणि बाहेरचं जग यांच्या मधली पहिली वस्तू असते. ती पूर्ण आपलीही नसते आणि पूर्ण परकीही नसते. ज्यांच्या घरी एखादं मळकं टेडी धुवायला काढलं की रडारड होते, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चौथी पायरी: मापं

घरातल्या वस्तू प्राण्यांच्या मापाच्या झाल्या की फोटोत जीव येतो. हिशोब सोपा आहे. आमचा गवा आठ सेंटिमीटर उंच. त्याला घरातलं मोठं माणूस धरलं, म्हणजे साधारण १६० सेंटिमीटर, तर प्रमाण झालं एकास वीस. आता घरातली कोणतीही वस्तू टेपनं मोजा आणि वीसनं भागा. दोन मीटरचं दार दहा सेंटिमीटर. १८० सेंटिमीटरची खाट नऊ सेंटिमीटर. स्वयंपाकाचा ओटा सव्वाचार. काडेपेटी पाच सेंटिमीटर लांब असते, म्हणजे एकास वीसमध्ये एक मीटर, शाळेच्या बाकाला अगदी बरोबर. तुमचा प्राणी वेगळ्या उंचीचा असेल तर १६० ला त्याच्या उंचीनं भागा, जो आकडा येईल तो तुमचा भाजक.

तिसरी-चौथीतल्या मुलाला हा भागाकार स्वतः करू द्या. लेक तेव्हा पहिलीत होती, तिला भागाकार येत नव्हता, पण टेप धरायला यायचं. तिनं घरातला पाण्याचा पिंप, देव्हारा, टीव्ही, आज्जीचा पाट, सगळं मोजलं. दुकानांपुढे खडूची गोल वर्तुळं आखली होती ती आठवतात? सहा फूट अंतर म्हणजे १८३ सेंटिमीटर, भागिले वीस, नऊ सेंटिमीटर. आम्ही सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, शहाबादी फरशीवर नऊ-नऊ सेंटिमीटरवर खडूनं गोल काढले आणि प्राणी त्यात उभे केले. लांब उभं राहायचं म्हणजे किती लांब, हे तिला त्या दिवशी कळलं. तोवर तो नुसता ओरडून सांगितलेला शब्द होता.

अगदी बारीक वस्तू मात्र मापात करू नका. मोबाइल एकास वीसमध्ये आठ मिलिमीटर येतो, फोटोत दिसतच नाही. नखाएवढा करा, डोळ्याला खटकत नाही. आणि प्राणीच एकमेकांच्या मापात नसतील, बदक गव्यापेक्षा मोठं असेल, तर मोठ्याला मागे ठेवा. लांबचं लहान दिसतं, काम भागतं.

पाचवी पायरी: मास्क आणि बाकीचा संसार

माणसाच्या मास्कचं माप प्राण्याला चालत नाही, कारण त्याचं तोंड पुढे आलेलं असतं. कागदाची पट्टी नाकाभोवती गुंडाळून घेर काढा. गव्यासाठी आम्हाला अडीच बाय दोन सेंटिमीटरचा तुकडा लागला. जुन्या सुती ब्लाउजचं कापड घ्या, सिंथेटिक कापड ताठ राहतं आणि फुगतं. कडा दुमडू नका, एवढ्याशा तुकड्यात दुमड जाड होते. कडेला पातळ फेव्हिकॉल बोटानं लावून वाळवा, दोरे सुटत नाहीत. मधे दोन बारीक चुण्या घालून इस्त्रीनं दाबा, तेवढं मोठ्यांनी करायचं. दोन्ही बाजूंना शिवणाच्या दोऱ्याचे फास. गव्याचे फास कानात बसेनात, शिंगांत अडकवले. चपखल बसले.

हत्तीचा प्रश्न अवघड होता. सोंड मास्कमध्ये घालायची की बाहेर ठेवायची? दोन दिवस घरात यावर चर्चा चालली. बाबा म्हणाले, तोंड सोंडेच्या खाली असतं, तेवढं झाकू. लेक म्हणाली, "पण तो श्वास सोंडंतनं घेतोय न्हवं?" मग हिवाळ्यातल्या जुन्या हातमोज्याचं करंगळीचं बोट कापलं आणि सोंडेवर चढवलं. बदकाला चोचीवर कागदी सुरळी. कासवाला मास्क केलाच नाही. कारण तिनं सांगितलं ते वहीत आहे: "कासवाला काय फरक पडला नाही. ते आधीपासनंच घरात असतंय."

बाकी वस्तू घरातच सापडतात. बाटलीची बुचं म्हणजे वाट्या. एकात तांबडं जलरंगाचं पाणी, दुसऱ्यात दूध, झाला तांबडा-पांढरा रस्सा. ऑक्सिमीटरसाठी सगळ्यात लहान लाकडी चिमटा आणि त्यावर लाल मणी. वाफाऱ्यासाठी वाटीवर कापसाचा पातळ झुबका, तोही बोटांनी विंचरून जवळजवळ पारदर्शक केलेला. खरं गरम पाणी वापरायचं नाही. सॅनिटायझरच्या बाटलीसाठी इंजेक्शनच्या सुईचं टोपण घेऊ नका, दवाखान्यातली कोणतीच वस्तू नको, बॉलपेनचं टोपण घ्या. चप्पल लाईनला, म्हणजे आमच्याकडच्या चपलांच्या बाजारात, किल्लीला लावायच्या एवढ्याशा कोल्हापुरी चपला मिळतात. आमच्या दारात काढलेल्या चपला त्याच.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावले तेव्हा लेकीला प्राण्यांपुढे पणती हवी होती. प्लास्टिक आणि ज्योत जवळ नको, आणि त्या दिवसांत सगळ्यांच्या हाताला सॅनिटायझर, जे पेट घेतं. पिवळ्या पतंगी कागदाची ज्योत करून खालून टॉर्च धरा. अंधारात ती खऱ्या पणतीपेक्षा छान येते.

प्राणी पडत असतील तर पायाखाली घट्ट मळलेल्या कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा.

सहावी पायरी: प्रसंग रोजचेच निवडा

प्राण्यांना डॉक्टर, पोलीस, राक्षसरूपी विषाणूशी लढणारे वीर करायचा मोह मोठ्यांना फार होतो. मुलाला हवं असेल तर करा. पण काही वर्षांनी वही उघडल्यावर ज्या पानावर सगळे थांबतात ते पान साध्या प्रसंगाचं असतं. म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत घरात खरंच काय होतं याची यादी करा आणि त्यातलं उचला.

आमच्याकडे पहिला धक्का दुधाचा होता. आबा वर्षानुवर्षं गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिणारे. तेच बंद झालं. आबा आठवडाभर घुम्यासारखे बसून होते. मग लेकीनं सोप्याच्या पायरीवर दूधकट्टा मांडला, खेळण्यातली म्हैस, पुढे रांगेत गवा, हत्ती, बदक, बुचात दूध. आबांनी ते बुचातलं दूध खरंच प्यायलं.

ऑनलाइन शाळेचा फोटो असा: एक मोबाइल, समोर पाच प्राणी, मागच्याला दिसत नाही म्हणून बदक हत्तीच्या पाठीवर. "शाळा बंद, पण शिक्षण आहे" असं सरकारी घोषवाक्य होतं, आमच्या घरात मोबाइल एक आणि हवे असलेले तिघे असं चित्र होतं. तेच फोटोत आलं. सलून बंद असताना काळ्या लोकरीचे केस लावून गव्याची हजामत केली. जोतिबाची चैत्र यात्रा झाली नाही, तेव्हा गुलालाची चिमूट आणि काडीची सासनकाठी माळवदावर गेली. अंबाबाईचं मंदिर १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला उघडलं, त्या दिवशीचा फोटो म्हणजे दारात काढलेल्या त्या बारक्या चपला आणि आत कोणीच नाही, सगळे देवाला गेलेत.

जुलै २०२१ चा पूर वेगळाच आला. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. नदीकाठच्या गल्लीतली माझी नणंद दोन पिशव्या आणि मुलाचं कापडी कुत्रं घेऊन आमच्याकडे आली. कोरोना संपलेला नव्हता, माणसं एका घरात दाटीनं, खिडक्या उघड्या. लेकीनं पाहुण्या कुत्र्याला आधी धुतलं, मग तीन दिवस खिडकीत एकटं ठेवलं. भाच्याला ते सहन होईना. शेवटी गवा त्याच्याबरोबर खिडकीत राहायला गेला. मी त्यात काही बोलले नाही. दोन्ही पोरांनी आपसात सोडवलेली ती गोष्ट होती.

तुमच्या घराची यादी वेगळी असेल. फौंड्री बंद पडलेल्या घरात बाप दिवसा घरी दिसला हाच सगळ्यात मोठा प्रसंग असेल. तो घ्या.

सातवी पायरी: फोटो

साधा मोबाइल पुरतो. त्याला उलटा करा, म्हणजे लेन्स खाली जमिनीलगत येईल आणि प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसेल. वरून काढलेल्या फोटोत प्राणी खेळणंच राहतो, समोरून काढलेल्यात तो घरातला होतो. लेन्स आधी मऊ सुती कापडानं पुसा, निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलानं होतात.

सकाळी आठ ते साडेनऊ, खिडकीचा उजेड एका बाजूनं. दुसऱ्या बाजूला पांढरा कागद किंवा स्टीलचं ताट उभं करा, सावली उजळते. फ्लॅश बंद. प्राण्याच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथं बांधला जातो. अगदी जवळ नेऊ नका, थोडं मागं येऊन दुप्पट झूम करा. पाठ धूसर करणारा पोर्ट्रेट मोड शिंगं आणि कान खाऊन टाकतो, तो नको. रात्री ट्यूबलाईटखाली पट्टे येतात, त्यापेक्षा टेबललॅम्पवर लांबून बटर पेपर धरा. मोबाइलचा चालू पडदा फोटोत भगभगीत दिसतो, त्याजागी कागदावर बाईंचं चित्र काढून चिकटवा.

बटण मुलानं दाबायचं. हात हलतो म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा.

आठवी पायरी: आजारपण वहीत आलं तर

ऑगस्ट २०२० अखेर आबा पॉझिटिव्ह आले. त्रास कमी होता, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं माडीवर वेगळे राहिले. ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायचं आणि खाली यायचं.

लेकीनं त्याच दिवशी हत्तीला कपाटावर ठेवलं. सुतळीला काडेपेटीचा खण बांधून खालचे प्राणी त्याला जेवण पाठवू लागले. आज्जी म्हणायची, "अगं, वाईच भात पण पाठीव की त्याला." हे रोज, तीन-तीनदा. मी फोटो काढत होते, पण एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. चार दिवस हत्तीचं तोंड भिंतीकडे होतं.

"हत्ती पाठ करून का बसलाय?"

"तो आमच्याकडं बघितला की त्याला रडायला येतंय. म्हणून बघत नाही."

आबा खरंच तसे करत होते. खोकला आला की पोरीनं बघू नये म्हणून जिन्याकडे पाठ करून बसायचे. तिला वाटलं होतं, ते आपल्यावर रागावले. आम्ही आबांना फोनवर हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाचला ते मास्क लावून जिन्याच्या वरच्या टोकाला खुर्ची टाकून बसले, तोंड खाली आमच्याकडे. लेक खालच्या पायरीवर, हातात गवा. पाच मिनिटं. त्याच दिवशी कपाटावरचा हत्ती वळला.

यातून मी जे पाळलं ते सांगते. "तुला भीती वाटते का?" असं विचारू नका, मूल नाही म्हणतं. "हत्तीला काय वाटतंय?" विचारा, आणि उत्तर आलं की ते दुरुस्त करू नका. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळला जाईल, खेळू द्या. हत्तीला तुम्ही घाईनं बरं करू नका. मुलाला खोटं कळतं. घरात कोणी गेलं असेल तर "झोपले" किंवा "गावाला गेले" म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत राहतं. "वारले" हा शब्द सांगा, आणि प्राण्यांच्या खेळात ते माणूस परत आलं तरी लगेच अडवू नका.

खेळ संपल्यावरही मूल आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर वही बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे.

नववी पायरी: फोटोखालच्या ओळी

दोनच ओळी, मुलाच्या तोंडच्या, जशाच्या तशा. व्याकरण सुधारू नका. आमच्या कोल्हापुरात पोरी "मी जातो, मी सांगतो" म्हणतात, ते पुस्तकी केलं तर पोरगीच नाहीशी होते. तारीख लगेच लिहा. आठवणीतून वही करत असाल तर तारखेऐवजी "पहिल्या पावसात", "आबा माडीवर असताना" असं लिहिलं तरी चालेल.

एक नमुना: "गवा दुधाला गेलाय. गवळीमामा म्हणाले लांब उभा राहा. गव्याला लांब म्हणजे किती ते माहीत नव्हतं. मी सांगितलो."

दहावी पायरी: खिडकी, गल्ली आणि वही

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूझीलंडमध्ये लोकांनी खिडक्यांत टेडी बसवले, म्हणजे फिरायला बाहेर पडलेल्या मुलांनी ते शोधत जावं. पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी आपणही एक ठेवल्याचं सांगितलं होतं. आमच्या गल्लीत ते आपोआप झालं. आमच्या जाळीत गवा दिसला, समोरच्या माडीवर दुसऱ्या दिवशी माकड आलं, मग कोपऱ्यावर डायनासोर. पोरं एकमेकांना दिसत नव्हती, प्राणी दिसत होते. तुम्हाला करायचं असेल तर रोज सकाळी प्राण्याची जागा बदला, नाहीतर दोन दिवसांत कोणी बघत नाही.

फोटो पुढे पाठवताना मागे रिपोर्ट, औषधाची चिठ्ठी, घराचा नंबर किंवा मुलाचा चेहरा आलेला नाही ना ते बघा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फोटोचा दर्जा उतरतो, छपाईसाठी ठेवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. महिन्यातून एकदा सगळे पेन ड्राइव्हवर उतरवा. फोन बिघडला की वही गेली.

शेवटी तीस-चाळीस निवडा. निवड मुलानं करायची, तुमचा हक्क फक्त तीन फोटोंवर. चार बाय सहा इंचाच्या प्रती स्टुडिओतून काढा, जाड तपकिरी कागदावर कोपऱ्यांना डिंक लावून चिकटवा, पूर्ण पाठीला डिंक लावला तर कागद आकसतो. डाव्या कडेला पाच भोकं, दाभणानं, मेण लावलेला दोरा. खालच्या फळीवर ठेवा, मुलाचा हात पोचेल अशी.

शेजारच्या पोराला आम्ही सध्या गवा उसना दिलाय. आता गवाच कांजिण्यांनी आजारी आहे. अंगावर गुलाबी ठिपके हवे होते. जलरंग प्लास्टिकवर टिकत नाही, घसरतो. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब मिसळा, ठिपका धरतो आणि बरं वाटलं की ओल्या फडक्यानं निघतो. माझी लेक आता मोठी झालीय, तिनं गवा देताना चिठ्ठी जोडली होती: शिंगावरचा दोरा काढू नको, तो मास्कचा आहे.